पॉइंट टू-टूचं पिस्तूल : पहिल्या वर्षाचा खरा खर्च

दुकानातल्या काचेच्या कपाटाशी उभं राहून किंमत विचारण्याआधी आपला व्हिसा पाहा. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार एच-वन-बी, एच-फोर, एल-वन, एफ-वन अशा तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूक आणि काडतुसं घेता येत नाहीत, जवळही बाळगता येत नाहीत. याला थोडे अपवाद आहेत. त्यांतला नेहमी ऐकू येणारा म्हणजे एखाद्या राज्याचा चालू शिकार-परवाना. पण रेंजवर तासाभरासाठी भाड्यानं हातात घेतलेलं पिस्तूलही ‘बाळगणं’ ठरू शकतं, आणि शनिवारी ऑफिसच्या मित्रांबरोबर हौसेनं गेलेल्या आपल्या मुलांना याची कल्पनाच नसते. गुन्हा केंद्रीय आहे आणि इतकी वर्षं ग्रीन कार्डच्या रांगेत काढलेली सगळी उमेद त्यात जाऊ शकते. म्हणून तात्पुरत्या व्हिसावर असाल, तर पहिला खर्च वकिलाच्या सल्ल्याचा.

ग्रीन कार्डधारक आणि नागरिक यांना हा अडसर नाही. परवानाधारक दुकानातून पिस्तूल घ्यायला वय २१ पूर्ण लागतं. चालू पत्त्याचं ओळखपत्र दाखवून ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरायचा, मग दुकानदार पार्श्वभूमी तपासून घेतो. फॉर्ममध्ये गांजाविषयी प्रश्न असतो. तुमच्या राज्यात गांजा कायदेशीर असला तरी केंद्राच्या लेखी तो नाही, आणि फॉर्मवर खोटं लिहिणं हा वेगळा गुन्हा आहे. मी टेक्ससमध्ये राहते, इथं खरेदीसाठी राज्याचा परवाना लागत नाही. न्यू जर्सीत दर पिस्तुलामागे पोलिसांकडून स्वतंत्र परवाना काढावा लागतो. कॅलिफोर्नियात दहा दिवस थांबावं लागतं, शिवाय दुकानात फक्त राज्याच्या यादीतलीच पिस्तुलं मिळतात. दुसऱ्या राज्यातल्या मित्राकडून परस्पर पिस्तूल घेणं कुठंच चालत नाही. ते परवानाधारक दुकानामार्फतच यावं लागतं.

एवढं जमलं की पुढचा प्रश्न सोपा आहे. छंद म्हणून कागदावर नेम धरायचा असेल, तर .२२ लाँग रायफल, म्हणजे आपल्याकडे ज्याला पॉइंट टू-टू म्हणतात तेच घ्या. दुकानात बहुधा नऊ मिलिमीटरचं पुढं करतील. नवशिक्याला त्याचा धक्का आणि आवाज यांची धास्ती बसते, आणि गोळी सुटण्याआधीच मनगट खाली झुकायला लागतं. ही सवय एकदा लागली की मोडायला महिने जातात. .२२ ची शिशाची गोळी साधारण २.६ ग्रॅमची. हात जेमतेम उचलतो, त्यामुळे चाप ओढताना आपलं काय चुकलं ते दिसतं. कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक जिंकलं, तेही याच काडतुसावर. तिच्या स्पर्धेच्या दर्जाची इटालियन किंवा जर्मन पिस्तुलं दोन हजार डॉलरच्या आसपास किंवा पुढं असतात. आपल्याला त्यांची गरज नाही.

साडेतीनशे ते साडेपाचशे डॉलरमध्ये तीन चांगली नावं आहेत. रुगर कंपनी १९४९ मध्ये उभी राहिली तीच .२२ च्या पिस्तुलावर. त्या घराण्यातलं आजचं मार्क फोर २०१६ मध्ये आलं. आधीचं मार्क थ्री नेमाला उत्तम, पण साफ करायला उघडलं की परत जोडताना भले भले रडकुंडीला येत. मार्क फोरला मागं एक बटण आहे, ते दाबलं की पिस्तूल मधून उघडतं. .२२ ची दारू आणि शिशाचं वंगण फार काजळी करतं, तेव्हा हे बटण मला तरी पन्नास डॉलर जास्त मोजण्याइतकं मोलाचं वाटतं. जुनं मार्क फोर मिळत असेल तर एक गोष्ट पाहा. १ जून २०१७ पूर्वी बनलेली मार्क फोर कंपनीनं सेफ्टीच्या दोषासाठी परत मागवली होती. सेफ्टीचा खटका अर्धवट राहिला असताना चाप ओढला गेला, तर नंतर खटका सरकवताना गोळी सुटू शकत असे. कंपनीच्या संकेतस्थळावर अनुक्रमांक टाकून दुरुस्ती झाली आहे का ते बघा. विक्रेत्याच्या शब्दावर जाऊ नका.

स्मिथ अँड वेसनचं व्हिक्टरी थोडं स्वस्त पडतं आणि त्याच्यासोबत रेड डॉट, म्हणजे लाल ठिपक्याची साइट, बसवायची पट्टी येते. चाळिशी ओलांडलेल्यांनी हे ध्यानात घ्यावं. पुढची साइट स्पष्ट दिसावी तर कागद धूसर होतो, कागद बघावा तर साइट जाते. चष्म्याचा नंबर बदलूनही माझं हे दुखणं पुरतं गेलं नाही, ठिपक्यानं गेलं. ठिपक्याचे शंभर-दीडशे डॉलर वेगळे धरा. ब्राउनिंगच्या बक मार्कचा चाप या तिघांत मला सर्वांत स्वच्छ वाटतो, पण साफसफाईसाठी बारीक स्क्रू काढावे लागतात. टॉरसचं टीएक्स २२ तीनशेच्या घरात मिळतं, वजन अर्धा किलोच्या आत. पण हलकं पिस्तूल हातात जास्त थरथरतं. कागदावरच्या नेमासाठी जड नळीचं, किलोभराचं पिस्तूल बरं. मनगट नाजूक असेल तर सातशे ग्रॅमचं रुगर लाइट बघा. विकत घेण्याआधी दोन-तीन पिस्तुलं रेंजवर भाड्यानं चालवा. एकेकाचे दहा ते वीस डॉलर जातात, ते सत्कारणी लागतात. मूठ पकडल्यावर चापावर बोटाचं पहिलं पेर सहज टेकलं पाहिजे.

आता हिशेब. महिन्यातून दोनदा जायचं आणि दर वेळी दीडशे गोळ्या झाडायच्या असं धरू. साडेचारशेचं पिस्तूल सव्वाआठ टक्के कर धरून ४८७ डॉलर. सुरुवातीचा वर्ग १२५. रेंजचे दर वेळी २५ प्रमाणे वर्षाचे ६००. गोळ्या ३,६००, एकेक नऊ सेंटला, म्हणजे ३२४. कुलपाची लोखंडी पेटी ८०, कानांचे इलेक्ट्रॉनिक मफ आणि चष्मा ७२, दोन जादा मॅगझिन ६०, साफसफाईचं साहित्य ३०, कागदी लक्ष्यं २५. बेरीज १,८०३. यात पिस्तुलाची किंमत पाव भागाहून थोडीच जास्त आहे. म्हणून पिस्तुलात पन्नास डॉलर वाचवायला चार दुकानं पालथी घालण्यापेक्षा जवळच्या मैदानी क्लबाचं वार्षिक सभासदत्व काय पडतं ते विचारा. मोठी बचत तिथं आहे. ऑनलाइन स्वस्त दिसलेलं पिस्तूलही स्थानिक दुकानातच येतं आणि दुकानदार हस्तांतरणाचे २५ ते ५० डॉलर घेतात, तेव्हा स्वस्ताई बरीचशी विरते. नऊ मिलिमीटर घेतलं असतं तर याच ३,६०० गोळ्यांना २७ सेंटच्या दरानं ९७२ डॉलर लागले असते.

गोळ्यांत मात्र कंजुषी नको. मी पहिल्या महिन्यात सर्वांत स्वस्त सुट्या गोळ्यांचा मोठा डबा घेतला. दर दहा-बारा गोळ्यांमागे एक फुसकी निघायची, नाहीतर रिकामी पुंगळी उभी अडकायची. पिस्तूलच बिघडलं म्हणून दुकानात नेलं, तिथल्या म्हाताऱ्या कारागिरानं सीसीआय कंपनीच्या पन्नास गोळ्या त्यातून सलग झाडून दाखवल्या. .२२ मध्ये पेटणारा मसाला पुंगळीच्या कडेत असतो. तो सगळीकडे सारखा पसरला नसला की गोळी फुसकी जाते. चार-पाच प्रकारांचा एकेक डबा आणा, तुमच्या पिस्तुलाला जो मानवेल तो ठरवा. गोळी फुसकी गेली तर नळी लक्ष्याकडेच ठेवून तीस सेकंद थांबा, कधी कधी ती उशिरानं पेटते.

पेटीचे ८० डॉलर मी हिशेबात धरले, पण ते ऐच्छिक समजू नका. लहान मुलं असलेल्या घरात आणि नातवंडांकडे भारतातून आजी-आजोबा येतात त्या घरातही पिस्तूल रिकामं, कुलपात, आणि गोळ्या वेगळ्या कुलपात. घरात कुणाचं मन खचलेलं असेल, तर त्या काळात पिस्तूल घरी ठेवूच नका. काही रेंजवर आणि दुकानांत ते सांभाळण्याची सोय असते. रेंजवरून आल्यावर थंड पाण्यानं आणि साबणानं हात-तोंड धुवा, कपडे बदला, मगच मुलाला उचला. शिशाची धूळ डोळ्यांना दिसत नाही.

आणि रेंजची पिशवी वेगळी ठेवा, प्रवासाला ती कधीही नेऊ नका. .२२ चं काडतूस करंगळीच्या टोकाएवढं असतं, पिशवीच्या शिवणीत सहज राहून जातं. मुंबईच्या विमानतळावर असं एक जरी सापडलं, तरी शस्त्रास्त्र कायदा १९५९ खाली गुन्हा नोंदला जाऊ शकतो. मग भाचीच्या लग्नासाठी काढलेली पंधरा दिवसांची रजा पोलीस ठाणं आणि कोर्ट यांच्या खेपांत जाते.