धान्याची सायकल फेरी

आमच्या गावात दर फाल्गुनात सायकल फेरी निघते. ही फेरी शर्यतीची नव्हे. कोण पुढे आणि कोण मागे, याला इथे किंमत नाही. घरोघर जाऊन धान्य गोळा करायचे आणि पावसाळ्यात ज्यांची चूल अडते त्यांना ते पोचवायचे, एवढेच तिचे काम. अशी फेरी कोणत्याही गावाला काढता येईल. ती कशी काढावी आणि ती काढताना आमची चूक कोठे झाली, ते या पाठात सांगतो.

ही रीत काही नवी नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कऱ्हाड तालुक्यातील काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. वसतिगृहातील गरीब मुलांना दोन घास मिळावेत म्हणून खेड्यापाड्यांतील बायाबापड्यांनी मूठमूठ धान्य बाजूला काढून दिले. मुठीमुठीने पोते भरते, हे आपल्या लोकांना ठाऊकच आहे. आम्ही त्या मुठीला सायकल जोडली, इतकेच.

फेरी फाल्गुनातच का? तेव्हा ज्वारीची मळणी होऊन घरात धान्य आलेले असते. देणाऱ्याचा हात आखडत नाही. आषाढ ते आश्विन हे चार महिने मात्र कठीण. जुने धान्य सरते, नवे पीक अजून शेतात उभे असते आणि पावसाने मजुरीचे खाडे पडतात. म्हणून सुगीत जमवावे आणि पावसाळ्यात वाटावे.

आधी हिशेब मांडावा. गावात अडलेली घरे १०. दर घरी महिन्याला १० किलो, असे ४ महिने. म्हणजे ४०० किलो धान्य हवे. देणारी घरे २०० असली, तर प्रत्येक घराच्या वाट्याला फक्त २ किलो येतात. एका सायकलच्या कॅरिअरवर २० किलोंची पिशवी नीट बसते. तेव्हा २० सायकली पुरे. मोजणी पायलीने करू नये. पायली सगळीकडे सारखी नसते आणि मग वाद होतात. काट्यावर किलोने तोलावे आणि देणाऱ्यासमोर वहीत लिहावे.

ग्रामपंचायतीला आणि पोलीस ठाण्याला तारीख व रस्ता आधी कळवावा. सकाळी उन्हाच्या आत निघावे. ब्रेक, हवा आणि चेन आदल्या दिवशीच पाहून घ्यावी. पंप आणि पंक्चरचे सामान एकाजवळ असावे. रस्त्याच्या डाव्या बाजूने एकामागे एक चालावे. पिशवी सुतळीने आवळून बांधावी. सुटलेली सुतळी चाकात गेली, की माणूस आणि धान्य दोन्ही रस्त्यावर!

जमलेले धान्य कडक उन्हात वाळवावे. ओल राहिली की बुरशी येते आणि किडाही लवकर लागतो. पोती जमिनीवर न ठेवता फळ्यांवर, भिंतीपासून दूर ठेवावीत. वाळवलेला कडुनिंबाचा पाला मधून मधून घालावा.

आता आमची चूक सांगतो. पहिल्या वर्षी आम्ही मोठ्या हौसेने मारुतीच्या देवळापुढे वाटप केले. लाऊडस्पीकर लावला आणि दहा घरांची नावे पुकारली. नऊ घरची माणसे खाली मान घालून आली. एक म्हातारी आलीच नाही. तिची पिशवी तशीच पडून राहिली. संध्याकाळी आम्ही तिच्या घरी गेलो. ती म्हणाली, "गुरुजी, मी मागायला आले नव्हते. मग माझं नाव का पुकारलंत?"

आम्ही चाळीस वर्षे शाळेत हजेरी घेतली. पण या प्रश्नाला आम्हाला उत्तर देता आले नाही.

आमच्यासोबत साक्षरता वर्गातील एक बाई होत्या. त्या आजीजवळ बसल्या आणि म्हणाल्या, "आजी, रेशनकार्ड आहे का?" आजीने मुलाच्या कार्डाची जुनी झेरॉक्स काढून दिली. बाईंनी ती अक्षर लावून वाचली. आजीचे नाव मुलाच्या कार्डावर होते. मुलगा शहरात गेला, कार्डही त्याच्याबरोबर गेले. आजी हक्काच्या धान्यावाचून दिवस काढत होती आणि आम्ही तिला दान देऊ पाहत होतो!

राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ साली झाला. त्याप्रमाणे प्राधान्य कुटुंबाच्या कार्डावर दर माणशी महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय कार्डावर दर कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळते. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. ऊसतोडीला परगावी गेलेल्या कुटुंबालाही तेथल्या दुकानातून आपले धान्य घेता येते. त्यासाठी आधार क्रमांक कार्डाला जोडलेला लागतो.

आम्ही आजीचा अर्ज लिहून तहसील कार्यालयात दिला. तीन खेपा झाल्या, पण तिचे वेगळे कार्ड निघाले. फेरीचे धान्य चार महिन्यांचे, कार्डाचे बारा महिन्यांचे. तेव्हापासून फेरीच्या वहीत दोन रकाने असतात. एकात दिलेले धान्य लिहितो. दुसऱ्यात, "कार्ड आहे का? कोणाचे नाव राहिले आहे का?" हे प्रत्येक घरी विचारून लिहितो. सगळ्यांनाच विचारतो, म्हणून कोणाला कमीपणा वाटत नाही. आणि वाटपाची नावे आता पुकारत नाही. दिवेलागणीला घरी जाऊन पिशवी देतो.

पुढल्या फाल्गुनात आजी दारात उभी होती. तिने सरवा वेचून आणलेली मापटंभर ज्वारी आमच्या पिशवीत ओतली आणि म्हणाली, "लिहा वहीत." आम्ही लिहिले.

अभ्यास
१. घरात ६ माणसे आहेत. कार्ड प्राधान्य कुटुंबाचे आहे. महिन्याला किती किलो धान्य मिळेल?
२. तुमच्या घरचे रेशनकार्ड काढा. त्यावरील सर्व नावे मोठ्याने वाचा. कोणाचे नाव राहिले आहे का?
३. आजी वाटपाला का आली नाही? चार ओळी लिहा.