बाळ-बाळंतिणीची निगा : आपली रीत आणि आजचे शास्त्र

(द्वितीय वर्ष, कला)

'मूल सांभाळणे बाईला कुणी शिकवावे लागत नाही, ते तिला उपजतच येते,' असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. हे विधान ऐकायला गोड आहे, पण खरे नाही. गाय व्याली की वासराला चाटते आणि वासरू आपणहून आचळाला लागते. माणसाचे तसे नाही. पोर छातीशी कसे धरावे, पाजून झाल्यावर खांद्यावर घेऊन ढेकर कसा काढावा, नाळ कशी सांभाळावी, हे पहिलटकरणीला कुणीतरी दाखवावे लागते. म्हणून तर पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपली चाल आहे. तेथे लेक आईजवळ शिकते. ज्याला आपण 'नैसर्गिक निगा' म्हणतो ती वास्तविक एक विद्या आहे. ती पुस्तकात नाही, न्हाणीत आणि बाजेजवळ आहे. कोणत्याही जुन्या विद्येप्रमाणे तिच्यात काही धान्य आहे आणि काही खडेही आहेत. ते निवडण्याचा अल्पसा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

'हा काय कॉलेजच्या अंकाचा विषय झाला?' असे काही मैत्रिणींनी विचारले. किल्ल्यांवर आणि राजांवर लेख येतात, मग प्रत्येक राजा ज्या खोलीत जन्मला त्या खोलीवर एक लेख येण्यास हरकत नसावी.

आमचे जळकोट तुळजापूर तालुक्यातले, सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरचे, नळदुर्गाजवळचे गाव. (लातूर जिल्ह्यातले तालुक्याचे जळकोट वेगळे.) या लेखासाठी मी आमच्या गल्लीतल्या लेकुरवाळ्या बायांशी, एका म्हाताऱ्या सुईणीशी आणि आशाताईंशी बोलले. त्यांनी सांगितलेले एकीकडे आणि वैद्यकशास्त्राने पारखलेले दुसरीकडे ठेवून पाहिले. बऱ्याच ठिकाणी दोन्ही जुळतात, आणि जेथे जुळत नाहीत तेथे बाळाच्या जिवाशी गाठ असते.

सव्वा महिना

आपल्याकडे बाळंतीण सव्वा महिना बाजेवर असते. ती चुलीला शिवत नाही, पाणी भरत नाही, शेतात जात नाही. याचे कारण विटाळ असे सांगितले जाते. विटाळाची कल्पना आपण सोडून दिलीच पाहिजे. परंतु त्या कल्पनेच्या आडून बाईला चाळीस दिवसांची सुटी मिळत होती, हे विसरून चालणार नाही. ज्या घरात सून एरवी पहाटेपासून रात्रीपर्यंत बसत नाही, त्या घरात तिला झोपू देण्यासाठी बहुधा देवाधर्माचे नाव घ्यावे लागले असेल. आजचे वैद्यकही बाळंतपणानंतरचे सहा आठवडे आईच्या शरीराला पूर्वस्थितीवर येण्याचा काळ मानते. सव्वा महिना आणि सहा आठवडे यांत फारसा फरक नाही.

याच काळातला खुराकही पारखण्यासारखा आहे. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, खारीक-खोबरे, मेथी, शेपूची भाजी. अळिवात लोह आहे, मेथीतही आहे, आणि बाळंतपणात रक्त गेलेल्या बाईला लोहाची गरज असतेच. मात्र काही घरांतून बाळंतिणीला पाणी मोजून दिले जाते, हिरव्या भाज्या व फळे 'थंड' म्हणून वर्ज्य केली जातात. ही बंधने चुकीची आहेत. अंगावर पाजणाऱ्या बाईला तहान जास्त लागते. तिला हवे तेवढे पाणी मिळालेच पाहिजे.

चीक आणि खरवस

गाय-म्हैस व्याली की तिच्या चिकाचा खरवस आपण आवडीने करतो, शेजारी वाटी पाठवतो. बाईच्या चिकाची मात्र वेगळीच गत. पहिले दोन-तीन दिवस येणारे पिवळसर घट्ट दूध 'जड' आहे, 'पचत नाही' म्हणून पिळून टाकायचे आणि तोवर बाळाला मध, गुळाचे पाणी चाटवायचे, अशी रीत कित्येक घरांत होती. अजून ती पुरती गेलेली नाही. गल्लीतल्या एका आजींना मी विचारले, "खरवस आपल्याला पचतो, मग लेकराला चीक का पचू नये?" त्या हसल्या आणि म्हणाल्या, "आमाला कुनी सांगितलं न्हाई बाई, आमी बी कुनाला इचारलं न्हाई."

चिकात रोगांशी झगडणारी द्रव्ये भरपूर असतात. बाळाची पहिली लस तीच, असे म्हटले तरी चालेल. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला स्पष्ट आहे : जन्मानंतर एका तासाच्या आत बाळाला छातीशी लावावे, सहा महिने केवळ आईचे दूध द्यावे, पाणीसुद्धा देऊ नये. त्यानंतर वरचे अन्न सुरू करावे आणि दोन वर्षे व पुढेही अंगावर पाजावे. मध तर एक वर्षापर्यंत देऊच नये. मधात कधी कधी असे जंतुबीज असते की जे मोठ्यांना बाधत नाही, पण तान्ह्याच्या आतड्यात वाढून विष तयार करते आणि त्याचे स्नायू लुळे पाडते.

येथे एक आकडा विचार करायला लावणारा आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतात ८८.६ टक्के बाळंतपणे दवाखान्यात झाली, परंतु पहिल्या तासात आईचे दूध मिळालेली बालके केवळ ४१.८ टक्के होती. म्हणजे जन्माची जागा बदलली, पण पहिल्या तासाची रीत तेवढी बदललेली नाही. खाट दवाखान्याची असली तरी खाटेभोवतीची माणसे घरचीच असतात. म्हणून सुधारणा इमारतीपाशी थांबून भागत नाही.

तेल, न्हाणे, शेक

न्हाऊ-माखू घालणे हा बाळाच्या दिवसातला मोठा सोहळा. पाय लांब करून पाटावर बसायचे, बाळाला पायांवर घ्यायचे, कोमट तेलाने हलक्या हाताने चोळायचे. आमच्या भागात करडईचे किंवा शेंगदाण्याचे तेल, ऐपत असेल तर खोबरेल. या चोळण्याने हाडे घट्ट होतात की नाही हे सांगता येत नसले तरी तेलाचा उपयोग शास्त्राने नाकारलेला नाही. ढाक्याच्या रुग्णालयात अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या त्वचेला सूर्यफुलाचे तेल लावल्याने जंतुसंसर्ग कमी झाल्याचे २००५ साली प्रसिद्ध झाले. त्वचा शाबूत राहिली की जंतूंना आत शिरायला वाट मिळत नाही. पण तेल नाकात, कानात सोडणे वेगळे. नाकातले तेल फुप्फुसात उतरून बाळ दगावू शकते. जन्मल्याबरोबर न्हाऊ घालण्याची घाईही नको. नवजात बाळ लवकर गारठते, म्हणून पहिले न्हाणे निदान एक दिवस पुढे ढकलावे.

शेकाचा मूळ हेतू ऊब हा आहे आणि तो योग्यच आहे. दोष आहे तो दारे-खिडक्या लावून गोवऱ्यांची शेगडी पेटवण्यात आणि ओवा-वावडिंगाची धुरी देण्यात. इवल्या फुप्फुसांना तो धूर सोसत नाही. मग ऊब कशाने द्यावी? त्याचे उत्तर कोलंबिया देशातल्या बोगोटा शहरातून आले. तेथे १९७८ साली एडगर रे या डॉक्टरांनी, काचपेट्या अपुऱ्या पडत म्हणून, कमी वजनाची बाळे आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवण्यास सुरुवात केली. कांगारूची आई पिलू पोटाच्या पिशवीत बाळगते, त्यावरून या पद्धतीला 'कांगारू माता निगा' म्हणतात. भारतासह पाच देशांत झालेल्या अभ्यासात, जन्मापासूनच अशी ऊब दिलेल्या कमी वजनाच्या बाळांचे मृत्यू २५ टक्क्यांनी कमी झाल्याचे २०२१ साली दिसून आले. लेकराला पदराआड घेऊन निजणाऱ्या आपल्या बायांना ही ऊब अनोळखी नाही.

एक साधी चाळणी

एवढ्या रीतींतून घ्यावे काय आणि टाकावे काय, हे ठरवण्यासाठी मला एक साधी चाळणी सुचते. जी रीत बाळाला आईच्या अंगाशी आणि आईला विसाव्याशी नेते ती ठेवावी. जी रीत दोघांच्या मध्ये काही आणते, म्हणजे बाळाच्या तोंडात, नाकात, डोळ्यांत किंवा बेंबीवर काही घालते, तिच्याकडे संशयाने पाहावे.

या चाळणीतून अंगाई, पाळणा, कुंची, जुन्या लुगड्याचे मऊ दुपटे, सव्वा महिन्याची विश्रांती हे सारे सुखरूप पार पडते. पाचवीला सटवाई येऊन कपाळी नशीब लिहिते, ही समजूतही कुणाला अपाय करत नाही. मात्र सहाणेवर जायफळ, वेखंड, हळकुंड उगाळून दिलेली गुटी चाळणीत अडकते. वस्तू औषधी असतील, पण सहाण, पाणी आणि बोट यांच्याबरोबर जंतू पोटात जातात, आणि जायफळाने बाळ गुंगते. काजळ अडकते. त्याने डोळ्यांना संसर्ग होतो आणि काही काजळांत शिसे असते. दृष्टीची भीती वाटत असेल तर तीट पायाच्या तळव्याला लावावी, म्हणजे आजीही समाधानी आणि डोळेही सुरक्षित. नाळेवर राख, शेण, हळद लावणेही अडकते. नाळ कोरडी आणि उघडी ठेवावी, एवढेच पुरे. शेणामातीतून येणाऱ्या धनुर्वाताने पूर्वी किती अर्भके गेली याची गणती नाही. गरोदरपणातली लस आणि स्वच्छ बाळंतपण यांमुळे नवजात बाळांच्या धनुर्वाताचे भारतातून निर्मूलन झाल्याचे २०१५ साली जाहीर झाले.

गडचिरोलीचा धडा

घरातली निगा सुधारली तर खरोखर किती जीव वाचतात? याचे उत्तर महाराष्ट्रातच मिळाले आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत खेड्यातल्याच बायांना 'आरोग्यदूत' म्हणून शिकवले. त्या घरी जाऊन बाळाचे वजन करत, श्वास मोजत, ऊब आणि अंगावरचे दूध यांकडे लक्ष देत, आणि जंतुसंसर्ग ओळखून औषध व इंजेक्शनही देत. हजार जन्मांमागे पहिल्या महिन्यात दगावणाऱ्या बाळांचे प्रमाण १९९३-९५ मध्ये ६२ होते. ते १९९७-९८ पर्यंत सुमारे २५ वर आले. हा अभ्यास १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्याआधी, १९७० पासून, आपल्या जिल्ह्याला लागून असलेल्या जामखेडला डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी निरक्षर बायांनाही गावच्या आरोग्यसेविका करून दाखवले होते. २०११ पासून हीच घरपोच निगा आशाताईंच्या हाती देशभर आली. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी ४२ दिवसांत त्यांनी सहा वेळा जायचे असते.

आशाताईंनी मला सांगितलेली धोक्याची लक्षणे प्रत्येक घराला पाठ असावीत : बाळ दूध ओढेनासे झाले, अंग गार किंवा तापलेले लागले, हातपाय ढिले पडले, छाती आत ओढली जाऊ लागली, किंवा शांत असतानाही मिनिटाला ६० किंवा अधिक श्वास झाले, तर अंगारा-धुपारा करत न बसता तत्काळ दवाखाना गाठावा.

विसावा कुणाला?

वहिनीच्या बाळंतपणात एका दिवसाची मी वहीत नोंद केली. चोवीस तासांत तिने अकरा वेळा पाजले, चौदा लंगोट बदलले आणि रात्रीत ती पाच वेळा उठली. त्या दिवशी स्वयंपाक, धुणे, पाणी यांतले एकही काम तिच्याकडे नव्हते. आई आणि मी होतो म्हणून हे जमले. बाळाची निगा म्हणजे बाळंतिणीमागे उभ्या असलेल्या चार हातांचे काम असते.

ज्या घरात ते हात रोजंदारीला जातात तेथे काय होते? सोयाबीनच्या खुरपणीला किंवा ऊसतोडीला गेलेली बाई सव्वा महिना कोठून काढणार? झाडाला झोळी बांधायची आणि दोरी सात-आठ वर्षांच्या थोरल्या लेकीच्या हाती द्यायची. माझ्या आईची शाळा अशाच एका झोळीच्या दोरीने सुटली. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिली, त्याचे एक कारण माझ्या हाती ती दोरी आली नाही हे आहे.

एकेकाळी मुंबईच्या गिरण्यांतल्या कामकरी बाया पाळीवर जाताना तान्ह्याला अफूची बाळागोळी देऊन निजवीत. ते निर्दयपण नव्हते, नाइलाज होता. पुढे १९२९ साली मुंबई इलाख्यात प्रसूती लाभाचा कायदा झाला. त्याच्या विधेयकाला १९२८ साली कायदेमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाठिंबा दिला होता. १९६१ साली देशभरासाठी कायदा आला आणि २०१७ साली भरपगारी रजा २६ आठवड्यांची झाली. २६ आठवडे म्हणजे सहा महिने. केवळ आईच्या दुधाचा काळही तेवढाच. परंतु ही रजा नोकरदार बाईची आहे. शेतमजूर बाईला रजा देणारा मालकच नाही. मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी तिला पाच हजार रुपये मिळतात. सहा महिन्यांच्या बुडत्या मजुरीपुढे ते किती पुरणार, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

तात्पर्य, आईला 'नैसर्गिक निगा कर' असा नुसता उपदेश करणे सोपे आहे. तिला चीक पाजायला सांगायचे तर पहिल्या तासात तिच्याजवळ जाणते माणूस हवे, आणि सहा महिने अंगावर पाजायला सांगायचे तर तिच्या मजुरीची सोय हवी. आपल्यापैकी बरेच जण उद्या शिक्षक, ग्रामसेवक, तलाठी होतील, आणि आई-बाप तर बहुतेक सगळेच होतील. मुलांनीही हा लेख 'बायकांचा' म्हणून उलटून टाकू नये. लंगोट धुणे, पाणी तापवणे आणि रात्री रडते पोर खांद्यावर घेऊन फिरवणे, या कामांना बाईचाच हात लागतो असे कोणत्याही शास्त्रात लिहिलेले नाही.