ढाळ लागल्यावर पाणी द्यावे की नाही?



श्रावणात माझ्या धाकट्या भावाला ढाळ लागले. आजी म्हणाली, "पाणी देऊ नका, दिलं की आणखी लागतात." तेवढ्यात नर्सबाई आल्या. त्यांनी मीठ-साखरेचं पाणी चमच्या-चमच्याने पाजायला लावलं. मला आजीचंच पटत होतं. घागरीला भोक असेल तर वरून पाणी ओतून काय उपयोग? मी गुरुजींना विचारले. त्यांनी पटकीचे उदाहरण देऊन सांगितले ते असे.

पटकीचे जंतू घाण पाण्यातून पोटात जातात. रॉबर्ट कॉख यांनी १८८४ साली कलकत्त्यात ते वेगळे काढून दाखवले. १९५९ साली कलकत्त्याच्याच डॉ. शंभुनाथ डे यांनी सशांवर प्रयोग केले. जंतू गाळून टाकले तरी उरलेल्या द्रवाने सशाच्या आतड्यात पाणी साचले. म्हणजे हे काम जंतूंनी सोडलेल्या विषाचे!

या विषाचे पाच तुकडे आतड्याच्या पेशीला घट्ट चिकटतात. सहावा आत शिरतो. मग पेशी क्षार बाहेर टाकत राहते व त्यामागे पाणी वाहते. नळाची तोटी उघडी राहावी तसे. पण पेशी मरत नाही, आतड्याला भोकही पडत नाही.

खरी गंमत पुढेच आहे. पेशीला आणखी एक दार असते. त्यातून साखर आणि मीठ जोडीने आत येतात व पाण्यालाही ओढून आणतात. विष या दाराला हात लावत नाही! १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी असेच पाणी पाजून पुष्कळ जीव वाचवले.

आजीचं निम्मं खरं होतं. या पाण्याने ढाळ लगेच थांबत नाहीत. पण अंगातले पाणी भरून निघते, आणि माणूस दगावतो तो पाणी संपल्यामुळेच. भाऊ तिसऱ्या दिवशी भाकरी मागू लागला.

कृती : उकळून गार केलेले पाणी १ लिटर, चहाचे सपाट ६ चमचे साखर, सपाट अर्धा चमचा मीठ. मीठ जास्त घालू नये. दवाखान्यातली पुडी मिळाली तर उत्तमच. अंगावरचे दूध बंद करू नये. डोळे खोल गेले, मूल मलूल झाले, तर ताबडतोब दवाखाना गाठावा.

पालकांना नम्र विनंती, ढाळ लागलेल्या मुलाचे पाणी तोडू नका.

– एक विद्यार्थी, इयत्ता सातवी