सरडगुहिऱ्याचे रंग

बेभरंवशाच्या मनुष्यास आपण ‘सरड्यासारखा रंग बदलणारा’ म्हणतों. परंतु ज्या प्राण्यावरून हें बोलणें रूढ झालें, तो रंग कां बदलतो याचा विचार फारच थोडे करतात. तो विचार आम्ही येथें विद्यार्थी मित्रांपुढें मांडीत आहों.

प्रथम दोन प्राण्यांतील भेद ध्यानांत घ्यावा. सावनेरकडे संत्र्याच्या बागांच्या कुंपणांवर नेहमीं दिसतो तो साधा सरडा. विणीच्या दिवसांत नराचें डोकें व गळा लालभडक होतो. तो दुरून माणसाचें रक्त शोषितो, अशा समजुतीनें मुलें त्यास दगड मारतात. वस्तुतः तो लाल रंग मादीस आकर्षून घेण्यासाठीं व दुसऱ्या नरास धाक दाखविण्यासाठीं असतो. दुसरा प्राणी म्हणजे सरडगुहिरा. हा झाडाझुडपांत राहतो व क्वचितच दृष्टीस पडतो. त्याचें अंग दोन्ही बाजूंनीं चपटें, शेंपूट गुंडाळणारें व पायांचीं बोटें चिमट्यासारखीं दोन गटांत जुळलेलीं असतात. दोन्ही डोळे एकाच वेळीं निरनिराळ्या दिशांस फिरतात. आणि जीभ तर शरीराहूनही लांब जाऊन किडा टिपते.

ज्या वस्तूवर बसावें तिचा रंग हा प्राणी घेतो, असा सार्वत्रिक समज आहे. पण तो खरा नाहीं. पानांत तो हिरवा दिसतो, कारण हिरवा हा त्याचा नेहमींचाच रंग आहे. त्यास तांबड्या कापडावर ठेविलें म्हणून तो तांबडा होत नाहीं. ऊन, थंडी, भय, राग, आजार व जोडीदाराची भेट हीं त्याच्या रंगबदलाचीं खरीं कारणें होत. सकाळच्या गारव्यांत तो काळसर होतो, कारण काळा रंग उष्णता अधिक शोषून घेतो. ऊन तापलें कीं फिका पडतो. झोंपेंतही तो फिकाच दिसतो. शत्रु समोर येतांच अंग फुगवून, तोंड वासून तो फूत्कार टाकतो आणि अंगावर काळे ठिपके व पट्टे उमटतात.

हें घडतें कसें? त्वचेंतील कांहीं पेशींत काळें रंगद्रव्य असतें. तें पेशींच्या फांद्यांत पसरलें कीं त्वचा काळवंडते, मध्यभागीं गोळा झालें कीं उजळते. दुसरी युक्ति याहून नवलाची आहे. इ. स. २०१५ मध्यें जिनीव्हा विद्यापीठांतील शास्त्रज्ञांनीं मादागास्कर बेटांतील एका जातीच्या सरडगुहिऱ्यावरील शोध प्रसिद्ध केला. त्याच्या त्वचेंत ग्वानीन नांवाच्या पदार्थाचे अतिसूक्ष्म स्फटिक ओळीनें रचलेले असतात. प्राणी शांत असतां ते जवळजवळ असतात व निळा प्रकाश परत फेंकतात. वरच्या थरांतील पिवळ्या रंगाशीं तो मिसळून हिरवा दिसतो. प्राणी चवताळला कीं स्फटिकांतील अंतर वाढतें आणि पिवळा, नारिंगी, तांबडा असे रंग प्रकट होतात. साबणाच्या फुग्यांत रंग कालविलेला नसतांही तो रंगीत दिसतो, त्याच जातीचा हा चमत्कार आहे.

आतां महत्त्वाची गोष्ट. कांहीं मुलें सरडगुहिरा पकडून, दोरी बांधून घरीं आणतात आणि त्याचे रंग पाहून टाळ्या पिटतात. ज्यास तीं खेळ समजतात, तें बहुधा त्या जीवाचें भय असतें. हा प्राणी हलता किडा टिपतो व पानांवरचे दंवाचे थेंब चाटतो. वाटींतील स्थिर पाणी बहुधा त्याच्या ध्यानींच येत नाहीं. म्हणून कोंडलेला सरडगुहिरा उपाशी व तहानलेला राहून खंगतो. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें त्यास पकडणें, पाळणें वा मारणें हा गुन्हा आहे. तो विषारी नाहीं. उलट किडे खाणारा असल्यामुळें शेतकऱ्याचा मित्रच आहे. रस्त्यावर आढळल्यास काठीवर चढूं द्यावा व जवळच्याच झुडपांत सोडावा.

ज्यांस त्याचे रंग पाहावयाचे असतील, त्यांनीं दहा हात दूर उभें राहून वेळ, ऊन व रंग वहींत टिपून ठेवावा. आईबापांनींही मुलांच्या हातांतील दगड काढून तेथें वही व पेन्सिल द्यावी, एवढीच आमची विनंति आहे.