रेडिएटर, गिअरबॉक्स आणि कोर्ट

रेडिएटर म्हणजे एक हीट एक्स्चेंजर, एवढं आपण सगळेच शिकतो. एकीकडून गरम कूलंट, दुसरीकडून हवा, एलएमटीडी काढा, उत्तराला चौकट करा, मार्क घ्या. पण हाच भाग खराब निघाला तर दुरुस्तीचे पैसे कोणी द्यायचे, हा प्रश्न पेपरात कधी येत नाही. अमेरिकेत तो कोर्टात आला, आणि एकदा नाही, बऱ्याचदा. त्यातली एक केस मी इथे जरा सविस्तर घेते, कारण तिच्यात हीट ट्रान्सफर, मशीन डिझाइन आणि कायदा असे तिन्ही विषय एकत्र येतात.

१. भाग कोणता?

गाड्या निसानच्या : पाथफाइंडर, एक्सटेरा आणि फ्रंटियर, मॉडेल वर्ष २००५ ते २०१०. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेलही चालताना तापतं. ते गार करायला रेडिएटरच्या टाकीतच एक छोटा कूलर बसवलेला असतो. त्याच्या आतून तेल फिरतं, बाहेरून कूलंट. ही पद्धत काही फक्त निसानची नाही, बऱ्याच कंपन्या वापरतात. जागा वाचते, आणि थंडीच्या दिवसांत कूलंट तापलं की तेलालाही लवकर ऊब मिळते.

अडचण एवढीच, की तेल आणि कूलंट यांच्यामध्ये फक्त एक पातळ भिंत असते. खटल्यातली तक्रार याच भिंतीबद्दल होती : तिला तडा जातो आणि दोन्ही द्रव एकमेकांत मिसळतात.

२. मिसळलं तर काय होतं?

आता थोडा विचार करा. प्रेशर कॅपमुळे गरम कूलंट वातावरणापेक्षा साधारण १ बार जास्त दाबाखाली असतं. इंजिन बंद केलं की तेलाचा पंप थांबतो आणि तेलाचा दाब लगेच उतरतो. कूलंटचा दाब मात्र इंजिन गार होईपर्यंत टिकतो. म्हणजे तडा असेल तर गाडी पार्किंगमध्ये शांत उभी असताना कूलंट तेलात शिरू शकतं!

पाणी, ग्लायकॉल आणि तेल घुसळलं की दाट गुलाबी मिश्रण तयार होतं. तिकडच्या गाडीमालकांनी त्याला ‘स्ट्रॉबेरी मिल्कशेक’ असं नाव पाडलं. नाव गोड आहे, पण गिअरबॉक्समधल्या क्लच प्लेटवरचं अस्तर चिकटवलेलं असतं आणि पाणी व ग्लायकॉल नेमकं तेच खराब करतात. मग गाडी थरथरते, गिअर घसरतो आणि शेवटी अख्खा गिअरबॉक्स बदलावा लागतो. बिघडला काही शे डॉलरचा रेडिएटर, बिल आलं काही हजारांचं.

३. आपल्या भाषेत सांगायचं तर

एफएमईए आठवतंय ना? परिणामाची तीव्रता, घडण्याची शक्यता आणि सापडण्यातली अडचण, या तिघांचा गुणाकार. समजा (आकडे माझे, फक्त समजण्यासाठी) रेडिएटर बाहेरच्या बाजूला गळतो. खाली डबकं दिसतं, मालक गॅरेजमध्ये जातो : ५ × ३ × २ = ३०. आता तोच रेडिएटर आतल्या आत गळतो. खाली थेंब नाही, आणि थोडंच कूलंट गेलं असेल तर टेंपरेचरचा काटाही जागेवर : ८ × ३ × ९ = २१६. शक्यता दोन्हीकडे तीच, तरी धोका सातपटीहून जास्त. काही मालकांनी नंतर रेडिएटरमधला कूलर बायपास करून तेलाला बाहेर वेगळा कूलर लावला. तेल आणि कूलंट शेजारीच नसतील तर मिसळणार कुठून?

४. वॉरंटी संपल्यावर

या गाड्यांच्या इंजिन-गिअरबॉक्सची मूळ वॉरंटी ५ वर्षं किंवा ६०,००० मैल (सुमारे ९६,५०० किमी) होती, जे आधी संपेल ते. तक्रारी वाढल्यावर २०१० मध्ये कंपनीने या बिघाडापुरती ती ८ वर्षं किंवा ८०,००० मैलांपर्यंत वाढवली. मग ज्याची गाडी ८१,००० मैलांवर बंद पडली, त्याने काय करायचं?

वॉरंटी संपली की नुसत्या वॉरंटीच्या आधारावर भांडणं फार कठीण असतं. म्हणून अशा केसमध्ये वकिलांचा मुद्दा वेगळा असतो : दोष विकतानाच होता, कंपनीला माहीत होता, आणि तिने गिऱ्हाइकाला सांगितला नाही. न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात सगळ्या मालकांच्या वतीने एकत्र दावा, म्हणजे क्लास ॲक्शन, चालला. शेवट निकालाने नाही, तडजोडीने झाला. कंपनीने चूक कबूल केली नाही. २०१३ मध्ये मंजूर झालेली तडजोड अशी :

- ८ वर्षं किंवा ८०,००० मैलांपर्यंत : खर्च कंपनीचा.
- त्यापुढे ९ वर्षं किंवा ९०,००० मैलांपर्यंत : पहिले २,५०० डॉलर मालकाचे, वरचे कंपनीचे.
- त्यापुढे १० वर्षं किंवा १,००,००० मैलांपर्यंत : पहिले ३,००० डॉलर मालकाचे.

नीट बघा. ज्याने वेळीच ओळखून ८५,००० मैलांवर फक्त रेडिएटर बदलला, त्याचं बिल २,५०० च्या आत, म्हणून त्याला काहीच नाही. ज्याचा गिअरबॉक्स गेला त्याला थोडं तरी मिळालं. मला हे पटलं नाही, पण तडजोड म्हणजे हेच असतं.

५. कारण सिद्ध करणं सोपं नसतं

दुसरी केस जनरल मोटर्सच्या ‘डेक्सकूल’ या नारिंगी कूलंटची. मालक म्हणाले, यामुळे इनटेक मॅनिफोल्डचे गॅस्केट खराब होतात आणि कूलिंग सिस्टिममध्ये गाळ साचतो. पण दोष कूलंटचा, गॅस्केटचा, की पातळी कमी ठेवणाऱ्या मालकाचा? प्रत्येक गाडीची गोष्ट वेगळी निघू शकते. २००७ मध्ये इलिनॉयच्या फेडरल कोर्टाने सगळ्यांचा एकत्र दावा चालवायला नकार दिला. पुढे २००८ मध्ये राज्यांच्या कोर्टांत तडजोड झाली आणि दुरुस्तीच्या खर्चाप्रमाणे ५० ते ८०० डॉलर ठरले.

६. आपल्याकडे काय?

आपल्या १९८६ च्या ग्राहक कायद्यातही अनेक ग्राहकांना परवानगी घेऊन एकत्र तक्रार करता येत होती. २०१९ च्या नव्या कायद्यात ती सोय कलम ३५ मध्ये आहे. सदोष वस्तू प्रयोगशाळेत तपासून घेण्याची तरतूद आहे, आणि तक्रारीला मुदत दोन वर्षांची. नव्या कायद्यात उत्पादकाच्या जबाबदारीवर वेगळं प्रकरण आहे आणि त्यात डिझाइनचा दोषही येतो. पण एक मेख आहे : तिथल्या ‘हानी’च्या व्याख्येतून त्या वस्तूचं स्वतःचं नुकसान वगळलं आहे. म्हणजे रेडिएटरने त्याच गाडीचा गिअरबॉक्स खाल्ला तर या प्रकरणाचा उपयोग नाही, ‘सदोष वस्तू’ची नेहमीची तक्रारच करायची. त्यासाठी सर्व्हिसची बिलं आणि काढलेला जुना भाग जपून ठेवायला हवा, गॅरेजवाल्याकडे सोडून यायचं नाही.

आणि मित्रांनो, आपण उद्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसणार आहोत. एफएमईएच्या तक्त्यात ‘सापडण्यातली अडचण’ या रकान्यात सबमिशनपुरता कुठलाही आकडा टाकण्याआधी ती पातळ भिंत आठवा. तिथे आपण जे हलकं लिहू, त्याचं बिल कोणीतरी ८१,००० मैलांवर भरणार आहे.