अंदाज आधी लिही

वाको, सायतामा

चि. मुक्ता,


तुझी मेल दोनदा वाचली. तुझ्या मॅडमनी दोन विषय समोर ठेवलेत. एक खात्रीचा, नीट काम केलंस तर वेळेत थिसिस होईल असा. दुसऱ्यातून काही निघेल की नाही, हे त्यांनाही सांगता येत नाही. त्यावर तू लिहितेस, ‘मी आपली मेहनती आहे, क्रिएटिव्ह वगैरे नाही, तेव्हा पहिलाच घेते.’ आणि वर मला विचारतेस की जपानी लोकांचं गुपित काय! अगं, जपानी सुखाची जी पुस्तकं तिकडे स्टेशनावर मांडलेली असतात, ती वाचायला इथे माझ्या डब्यातल्या कुणाला सवड नसते. सगळे उभ्याउभ्या डुलक्या घेत असतात. गुपित राहू दे, एका माणसाची हकीकत सांगतो.

ओसामु शिमोमुरा 1955 साली नागोया विद्यापीठात योशिमासा हिराता यांच्याकडे आले, तेव्हा त्यांच्याकडे डॉक्टरेट नव्हती आणि त्यासाठी त्यांनी नावही घातलेलं नव्हतं. हिरातांनी त्यांच्या हाती दिला समुद्रातला दोन-तीन मिलिमीटरचा एक कवचवाला जीव. जपानी त्याला समुद्राचा काजवा म्हणतात. त्याचं चमकणारं द्रव्य इतकं शुद्ध करायचं की त्याचे स्फटिक झाले पाहिजेत. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाची मंडळी कितीतरी वर्षं त्याच्या मागे होती आणि त्यांना ते जमलेलं नव्हतं. द्रव्याला हवा लागली की ते बिघडतं, म्हणून सगळा खटाटोप हायड्रोजनमध्ये. हिरातांनी साफ सांगितलं होतं : यश येईल की नाही याचा भरवसा नाही, म्हणून पदवीसाठी आलेल्या मुलाला मी हे देऊ शकत नाही, तुम्ही पदवीसाठी आलेला नाहीत, तुम्हाला देतो.

हे वाक्य मला फार शहाणपणाचं वाटतं. बेभरवशाचं काम कुणाच्या गळ्यात घालावं याचा विचार गुरूनं करायचा असतो, आणि तुझ्या मॅडम तो करताहेत. म्हणून माझं स्पष्ट मत : पदवीसाठी खात्रीचाच विषय घे. त्यात कमीपणा नाही. पण दुसरा सोडू नकोस. आठवड्यातली एक ठरावीक दुपार त्याला दे, ती दुपार मॅडमना सांगून ठेव, आणि त्या दुपारी दुसरं काहीही करू नकोस.

शिमोमुरांचे स्फटिक झाले ते 1956च्या फेब्रुवारीत. रात्री उशीर झाला होता, थोडं द्रव्य उरलं होतं. वेगळ्याच तपासणीसाठी म्हणून त्यात तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल घातलं आणि तसंच ठेवून ते घरी गेले. सकाळी तळाशी लाल सुया! लोक याला नशीब म्हणतात. असेलही. पण त्याआधीचे कित्येक महिने त्यांनी हरतऱ्हेने स्फटिक करून पाहिले होते, म्हणून त्या सुया काय आहेत हे त्यांना पाहताक्षणी कळलं.

पुढचा प्रसंग 1961च्या उन्हाळ्यातला, अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरच्या फ्रायडे हार्बरचा. आता चमकणारे जेलीफिश होते. त्यांचं चमकणारं द्रव्य वेगळं काढायला कुठलीच रीत चालेना, तेव्हा ते वल्ह्यांची होडी घेऊन खाडीत जायचे आणि विचार करत पडून राहायचे. आम्लाने प्रकाश थांबवता येईल, हे तिथेच सुचलं. करून पाहिलं, थांबला. आम्ल मारलं, थोडासा परत आला. काम संपलं म्हणून उरलेलं सिंकमध्ये ओतलं, आणि सिंक निळं लखलखलं. त्या सिंकमध्ये मत्स्यटाकीतून सांडणारं समुद्राचं पाणी येत होतं. समुद्राच्या पाण्यात असं काय आहे, असं म्हणत ते कॅल्शियमपर्यंत पोचले. त्याच जेलीफिशमधून हिरवं चमकणारं प्रथिनही हाती लागलं, त्याबद्दल 2008 साली नोबेल मिळालं. 2001 मध्ये जुनइची नाकाइ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या हिरव्या प्रथिनाला कॅल्शियम ओळखणारा भाग जोडला. आज आमच्या लॅबमध्ये मायक्रोस्कोपखाली उंदराची एखादी पेशी उजळते, ती त्याच प्रथिनाच्या जिवावर. खाडीत होडी सोडून पडलेल्या माणसाचं देणं आहे ते.

सिंकमधला उजेड कुणालाही दिसला असता. पण तिथे उजेड पडायला नको होता, हे ज्याला पक्कं ठाऊक होतं त्यालाच तो खटकला. मेंदूचंही असंच आहे. वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांत दिसलं की फळांचा रस अवचित मिळाला तर डोपामिनच्या पेशी जोरात बोलतात. दिवा लागला की रस येतोच हे कळलं, की रसाच्या वेळी त्या गप्प. आणि येणार म्हणता आलाच नाही, तर त्यांचं बोलणं नेहमीपेक्षा खाली जातं. म्हणजे मेंदू शिकतो तो अंदाज आणि प्रत्यक्ष यांच्यातल्या फरकावर. अंदाजच केला नसेल तर फरक कशाचा काढणार?

म्हणून एक सवय लाव. प्रयोग सुरू करण्याआधी वहीत तारीख घालून लिही : मला असं असं दिसेल. आकडा लिहिता आला तर आकडा. पेन्सिलने नको, पेनाने. संगणकात तर नकोच, तिथे मागाहून बदलायचा मोह होतो. निकाल आल्यावर ‘हे तर मला वाटतच होतं’ असं मन हमखास सांगतं, अगदी माझ्या वयालाही सांगतं, आणि तिथेच नवं काही सुचायची वाट बंद होते. ज्या मेहनतीला तू कमी लेखतेस, ती याच कामाची आहे.

आता जपान. इथे साकुरा, म्हणजे चेरी, कधी फुलणार याची लोकांना केवढी उत्सुकता! मार्च उजाडला की टोकियोत यासुकुनी मंदिराच्या आवारातल्या एका ठरलेल्या झाडाभोवती कॅमेरे जमतात. हवामान खात्याचा माणूस येतो, मान वर करून फांद्या निरखतो आणि बोट दाखवत फुलं मोजतो. पाच-सहा उमललेली असली, तर टोकियोत साकुरा फुलला असं जाहीर. चार असली तर उद्या परत. शेजारचं झाड भरभरून फुललेलं असलं तरी ते धरत नाहीत. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हा सरकारी विनोद वाटला होता. पण यंदा ऋतू लवकर आला की उशिरा, हे त्यामुळेच वर्षानुवर्षं सांगता येतं. तुझंही एक झाड ठरव : एकच मोजमाप, रोज त्याच वेळी, त्याच पद्धतीने.

आणि जमीन? ती कुणाचं ऐकत नाही. 2007 पासून इथे सर्वांसाठी भूकंपाची पूर्वसूचना आहे. आधी येणारी सौम्य लाट यंत्रं पकडतात आणि मागून येणाऱ्या मोठ्या हादऱ्याआधी काही सेकंद सगळ्यांचे फोन एकदम कर्कश वाजतात. आमच्या लॅबमध्ये तो आवाज आला की ज्याच्या हाती लेसर तो शटर बंद करतो, बाकीचे टेबलाखाली. हलायचं थांबलं की उंदीर बघायचे, बाटल्या बघायच्या, वहीत वेळ लिहायची आणि पुढे चालू. केव्हा येईल ते ठरवता येत नाही, आल्यावर कोणी काय करायचं ते ठरलेलं असतं. गाड्या सेकंदावर चालवणारी माणसं या जमिनीवर कशी राहतात, याचं मला अजूनही नवल वाटतं.

एक धोक्याची गोष्ट. 2003 मध्ये शुल्ट्झ यांच्याच गटाने दाखवलं की रस मिळण्याची शक्यता निम्मी-निम्मी असते, तेव्हा वाट पाहताना डोपामिनच्या पेशींचा जोर सर्वांत जास्त चढत जातो. याचा अर्थ काय लावायचा यावर मतभेद आहेत, पण वाको स्टेशनाजवळच्या पाचिंको नावाच्या जुगारयंत्रांच्या दुकानात डोकावलं की मला तो आलेख आठवतो. पोलादी गोळ्यांचा खडखडाट, रांगेने बसलेली माणसं, कुणी कुणाकडे पाहत नाही. अनिश्चितता तिथेही आहेच. पण तिथे उद्या पुन्हा बसलं तरी यंत्राबद्दल नवं काही कळत नाही. तुझ्या दुसऱ्या विषयाची परीक्षा याच प्रश्नाने कर : फसलेल्या दुपारनंतर पुढचा अंदाज थोडा तरी सुधारतो का? सुधारत असेल तर वर्षभर फसलीस तरी चालेल. अजिबात सुधारत नसेल, तर खुशाल सोड. तुझ्या हातातल्या फोनवरची ती सरकणारी चित्रंही पाचिंकोच आहेत, हे वेगळं सांगत नाही. (सांगितलंच की!)

मोकळं बसण्याबद्दल थोडक्यात. काही करत नसताना मेंदूचे ठरावीक भाग उलट जास्त कामात असतात, हे मार्कस रेकल यांच्या गटाने 2001 मध्ये मांडलं. पण त्याचा आधार घेऊन आळस करू नकोस. शिमोमुरा होडीत पडले ते डोक्यात प्रश्न घेऊन. संध्याकाळी टेकडीवर जातेस ना, तेवढं पुरे. फोन खोलीत ठेवून जा.

ओकिनावाच्या संस्थेत इंटर्नशिपचं विचारलंस. जरूर अर्ज कर, तिथलं काम इंग्रजीत चालतं, जपानी येत नाही म्हणून अडणार नाही. पण पहिलं वर्ष होऊ दे, आणि मॅडमना आधी विचार, मला नंतर. उत्तरात दोन्ही विषयांवर अर्धं अर्धं पान पाठव : सहा महिन्यांनी काय दिसेल असं तुला वाटतं. मी ते तारखेसह ठेवून देतो.

ताईला सांग, परवाचा भूकंप बातम्यांत दाखवला तेवढा मोठा नव्हता. कपाटं भिंतीला पक्की केलेली आहेत, काळजी करू नये.

तुझा,
मामा