नाव मोठं की मिनिटं जास्त?

अमेरिकेतली दोनशे-अडीचशे मुलांची शाळा. मुलगा बास्केटबॉल संघाचा कणा, सामन्याला पंचवीस-तीस गुण, गावच्या वर्तमानपत्रात फोटो. अकरावीच्या उन्हाळ्यात कुठल्याशा कॉलेजच्या साहाय्यक कोचचा पहिला मेसेज येतो आणि घरात वाद सुरू होतो. मुलाला वाटतं आपण ड्यूक-केंटकीसारख्या बड्या कॉलेजांच्या लायकीचे. बापाला धास्ती, ही वासरांत लंगडी गाय तर नाही ना? टेक्सास किंवा न्यू जर्सीतल्या मराठी आईबापांना हे कोडं जास्तच अवघड जातं. त्यांच्या स्वतःच्या कॉलेजात खेळ म्हणजे गॅदरिंगच्या आठवड्यातली मजा होती. इथे तो प्रवेशाचा, फीचा आणि कधी कधी व्हिसाचाही विषय होऊन बसतो.

माझं उत्तर असं: छोट्या शाळेतला मुलगा मोठ्या कॉलेजात चमकू शकतो, पण बारावीनंतर थेट तिथे जाऊन क्वचितच. मधला एखादा मुक्काम लागतो, आणि हल्ली तर तो जवळजवळ ठरलेलाच आहे.

आधी आकडे पाहू. अमेरिकेत शाळेच्या संघातून खेळणारे मुलगे पाच लाखांहून अधिक. कॉलेजातले खेळ चालवणाऱ्या एनसीएए या संघटनेच्या हिशेबाने त्यातले साडेतीन टक्के तिच्या तिन्ही डिव्हिजन मिळून कुठल्या तरी कॉलेजात खेळतात, आणि डिव्हिजन वनमध्ये पोचतात ते एक टक्क्याच्या आसपास. या डिव्हिजनमध्ये साडेतीनशेहून जास्त कॉलेजं आहेत, पण टीव्हीवर रोज दिसणारी, म्हणजे एसईसी, बिग टेन, बिग ट्वेल्व्ह, एसीसी आणि बिग ईस्ट या पाच कॉन्फरन्समधली, ऐंशीच्या आतबाहेर. नातेवाईक 'मोठं कॉलेज' म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात ही ऐंशी असतात. उरलेल्या पावणेतीनशेंत उत्तम बास्केटबॉल खेळलं जातं, हे त्यांना कोणी सांगत नाही.

शाळेतले तीस गुण कोच का मोजत नाहीत? कारण ते कोणासमोर केले यावर सगळं अवलंबून. छोट्या शाळेत सर्वांत उंच मुलगा आपसूक रिंगखाली उभा राहतो. तो सहा फूट तीन इंच असला तरी चार वर्षं सेंटर खेळतो. मोठ्या कॉलेजात त्या उंचीचा मुलगा पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेऊन खेळ रचणारा, असतो. म्हणजे आपल्या पोराला अठराव्या वर्षी अशी जागा शिकायची, जी त्याने कधी खेळलेलीच नाही, आणि तीही लहानपणापासून तिथेच खेळलेल्या मुलांशी झुंजत. माझ्या मते छोट्या शाळेतले खेळाडू जास्त करून इथेच अडकतात. दोष मात्र 'कॉन्फिडन्स'ला दिला जातो.

कोर्टही बदलतं. शाळेत तीन गुणांची रेघ १९ फूट ९ इंचांवर, कॉलेजात २२ फूट पावणेदोन इंचांवर. शाळेचा सामना ३२ मिनिटांचा, कॉलेजचा ४० मिनिटांचा. कॉलेजात ३० सेकंदांत शॉट घ्यावाच लागतो. अनेक राज्यांतल्या शाळांत ते घड्याळच नसतं. न बदलणाऱ्या गोष्टी थोड्या. फ्री थ्रो त्यातली एक: रेघ १५ फुटांवर, रिंग १० फुटांवर, मध्ये हात घालायला कोणी नाही. म्हणून फ्री थ्रोची टक्केवारी हा छोट्या शाळेच्या खेळाडूचा विश्वासाचा दाखला. कोचला व्हिडिओ पाठवताना डंक कमी दाखवा. दबावाखाली दिलेले पास, बचावातली पावलं आणि लांबून घेतलेले शॉट जास्त दाखवा.

आता खरा बदल. २०१८ मध्ये ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची ऑनलाइन यादी, आलं. कॉलेज बदललं की एक वर्ष बसून काढायचा नियम २०२१ मध्ये सैल झाला आणि २०२४ पासून जवळजवळ उरलाच नाही. कोचच्या बाजूने विचार करा. एका हाताला छोट्या शाळेतला अठरा वर्षांचा मुलगा, दुसऱ्या हाताला कॉलेजचे शंभर सामने खेळलेला बावीस वर्षांचा. नोकरी टिकवायची असलेला कोच कोणाला घेईल? म्हणून अठराव्या वर्षी फोन आला नाही तर रडू नये. बाविसाव्या वर्षी येऊ शकतो.

डाल्टन नेक्टचंच घ्या. कोलोरॅडोतल्या स्टर्लिंगच्या (बारावीनंतरच्या) ज्युनियर कॉलेजात दोन वर्षं, मग नॉर्दर्न कोलोरॅडोत दोन वर्षं, आणि २०२३ मध्ये टेनेसी. तिथे एकाच हंगामात तो एसईसीचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि २०२४ मध्ये एनबीएच्या लेकर्सनी त्याला सतराव्या क्रमांकावर निवडलं. डंकन रॉबिन्सन विल्यम्समध्ये, म्हणजे खेळाची शिष्यवृत्तीच नसलेल्या डिव्हिजन थ्रीमध्ये, एक हंगाम खेळून मिशिगनला गेला आणि एनसीएए स्पर्धेची २०१८ ची अंतिम फेरी खेळला. डेरिक व्हाइट कोलोरॅडो स्प्रिंग्जच्या डिव्हिजन टू कॉलेजातून कोलोरॅडो विद्यापीठात, तिथून एनबीएत आणि २०२४ च्या विजेत्या सेल्टिक्स संघात. तिघेही आधी जिथे खेळायला मिळालं तिथे भरपूर खेळले. (अपवाद दाखवून मुलाला भुलवतोय, असं कोणी म्हणेल. मान्य. पण वाट तीच आहे. पोचणारे थोडे, एवढंच.)

एनबीए गाजवलेल्या लॅरी बर्डची गोष्ट आईबापांनी जरूर वाचावी, पण त्याच्या विक्रमांसाठी नव्हे. फ्रेंच लिक या इंडियानातल्या खेड्याचा हा मुलगा १९७४ मध्ये कोच बॉबी नाइटच्या इंडियाना विद्यापीठात गेला आणि महिन्याच्या आत घरी परतला. खेळ कमी पडला नव्हता. हजारो मुलांचा कॅम्पस आणि रिकामा खिसा त्याला झेपला नाही. काही काळ त्याने गावच्या कचरागाडीवर काम केलं. पुढे तो टेर होटच्या इंडियाना स्टेटला गेला आणि १९७९ मध्ये तो संघ एकही सामना न हरता एनसीएएच्या अंतिम फेरीत पोचला. तिथे मात्र मॅजिक जॉन्सनच्या मिशिगन स्टेटने हरवलं.

मोठं नाव म्हणजे मुलाला मानवेल अशी जागा नव्हे. तेव्हा कोचला विचारायचे प्रश्न वेगळे हवेत. 'तुम्हाला आमचा मुलगा आवडला का?' याला सगळे 'हो' म्हणतात. त्याऐवजी विचारा: त्याच्या जागेवर आता किती जण आहेत, त्यातले कितीजण पोर्टलमधून आले, गेल्या तीन वर्षांत बारावीतून घेतलेल्या मुलांपैकी किती अजून संघात आहेत, शिष्यवृत्ती एका वर्षाची की चार वर्षांची. आणि वॉक-ऑन, म्हणजे शिष्यवृत्तीविना, म्हणून बोलावत असतील तर फी कोण भरणार.

अभ्यासाकडेही लक्ष ठेवा. डिव्हिजन वनसाठी एनसीएएला १६ कोअर विषय आणि त्यांत किमान २.३ जीपीए लागतो. त्यातले १० विषय बारावी सुरू होण्याआधी संपलेले हवेत. छोट्या शाळांत विषय मोजकेच असतात, त्यामुळे आपल्या शाळेचे कोणते विषय एनसीएएच्या यादीत आहेत हे नववीतच तपासावं. कॉलेज बदलताना क्रेडिट गळतात, आणि दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या वर्षाअखेर पदवीचा अनुक्रमे ४०, ६० आणि ८० टक्के भाग पूर्ण असावा लागतो. पोर्टलमध्ये उडी घेणाऱ्यांपैकी सगळ्यांना नवं घर मिळत नाही, हेही ध्यानात असू द्या.

शेवटी व्हिसा. २०२१ पासून खेळाडूला नाव आणि छबीवर पैसे कमावता येतात, पण विद्यार्थ्यांच्या एफ-१ व्हिसावर कामाची कडक बंधनं आहेत, आणि आईबापांच्या नोकरीच्या व्हिसाला जोडलेल्या एच-४ वरच्या मुलाला काम करण्याची परवानगी नसते. एकविसाव्या वर्षी तर तो एच-४ चा दर्जाच जातो. जाहिरातीच्या करारावर सही करण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला गाठा. शिष्यवृत्तीला मात्र ही अडचण येत नाही.